खस, डावे मनगट

मंगळवार, ५ फेब्रुवारी १९७४. सकाळचे सव्वादहा वाजले होते. दोन माणसे डाव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडून माझ्या टेबलासमोर उभी होती. माझ्या हातात काचेची बारीक सळई होती. टेबलावर चार शिशा होत्या : खस, मोगरा, गुलाब आणि हीना.

जुन्या जालन्यातल्या एका ठोक अत्तराच्या पेढीवर मी नोकरीला होतो. पेढीचे नाव येथे देत नाही. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. कनौजहून अत्तरे डब्यांतून येत. आम्ही ती तपासून लहान शिशांत भरत असू आणि मराठवाड्यातल्या दुकानांना पुरवत असू. तपासण्याचे काम माझे. मी रसायनशास्त्राचा पदवीधर होतो आणि त्याचा मला अभिमान होता. पेढीच्या वृद्ध मालकांना सगळे हाजीसाहेब म्हणत. ते मला मास्तर म्हणत, कारण मी प्रत्येक गोष्ट रजिस्टरात लिहून ठेवत असे.

त्या दिवशी परीक्षा अत्तरांची नव्हती, माणसांची होती. परभणी-नांदेडकडे जाणारा आमचा फिरता सेल्समन काम सोडून गेला होता. त्याच्या जागेसाठी पेढीतल्याच दोघांची नावे होती. दोघेही हिशेबात चोख होते. राहिली होती ती कातडीची तपासणी.

हे थोडे समजावून सांगितले पाहिजे. अत्तर दाखवण्याच्या दोन रीती आहेत. एक फाया, म्हणजे अत्तरात बुडवलेला कापसाचा बोळा. दुसरी मनगट. जुना दुकानदार फायावर विश्वास ठेवत नाही. कापूस कोणतेही अत्तर आहे तसेच दाखवतो, पण गिऱ्हाईक अत्तर कापसाला लावत नाही, अंगाला लावते. म्हणून सेल्समन स्वतःच्या मनगटावर अत्तर लावून हात पुढे करतो. त्याची कातडी हीच त्याची सॅम्पलची पेटी.

आणि कातडी कातडीत फरक असतो. कोरड्या कातडीवरून गुलाब तासाभरात उडून जातो, तेलकट कातडीवर तो दिवसभर रेंगाळतो. गरम हातावर मोगरा एकदम वर येतो आणि लवकर शिळा होतो. तंबाखू खाणाऱ्याच्या अंगावर खस धुरकट लागते. माझ्या स्वतःच्या हातावर केवडा इतका कच्चा लागतो की माझेच डोके दुखते. हीना बहुतेकांवर चांगली बसते, मात्र काहींच्या अंगावर तिला औषधाचा वास येतो. यामागचे सगळे शास्त्र मला तेव्हा ठाऊक नव्हते, आजही नाही. तीस वर्षांच्या हुंगण्यातून जे कळले ते सांगतो आहे.

नियम मीच घालून दिला होता. कोपर ते मनगट चार ठिकाणी चार अत्तरे लावायची. वास तीनदा घ्यायचा : लावल्याबरोबर, अर्ध्या तासाने आणि चार तासांनी. मनगट आपल्या हातात धरायचे, नाक कातडीपासून एक बोट अंतरावर न्यायचे आणि डोळे मिटायचे. चार तासांनी जे उरते तेच खरे अत्तर. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची.

पहिला उमेदवार विलास. काउंटरवर मदतनीस, जवळच्याच गावच्या जमीनदार शेतकरी घरातला. बोलका आणि तंबाखूचा शौकीन. दुसरा किसन खरात. तीन वर्षे मागच्या शेडमध्ये शिशा धुण्याचे आणि भरण्याचे काम करत होता. मॅट्रिक पास होता. बदनापूरहून रोज पॅसेंजरने येत असे. भरताना त्याच्या हातून थेंब सांडलेला मी पाहिला नव्हता. त्याचे घर छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेले होते. त्यापूर्वी ते कोण होते हे गावात सर्वांना ठाऊक होते, आणि मलाही.

मी विलासचे मनगट हातात धरले, वाकलो, डोळे मिटले आणि नोंद केली. मग किसनला म्हणालो, "हात वर कर." त्याने केला. मी खुर्चीत बसूनच, हातभर अंतरावरून वास घेतला आणि नोंद केली. अर्ध्या तासाने पुन्हा तसेच झाले. यात काही फरक आहे हे माझ्या लक्षात आले नाही. किसनच्या आले असावे, कारण दुसऱ्या वेळी त्याने हात थोडा पुढे आणला आणि मी खुर्ची तितकीच मागे घेतली.

सव्वादोनला तिसऱ्या नोंदीची वेळ झाली. विलास समोरच होता. किसन अंगणापलीकडच्या शेडमध्ये शिशा धूत होता. मी उठलो नाही. त्याला बोलावणेही पाठवले नाही. रजिस्टरात विलासपुढे लिहिले : "चारही उत्तम." किसनपुढे लिहिले : "खस आंबट. मोगरा कुबट. त्वचा प्रतिकूल." माझे अक्षर तेव्हा वळणदार होते. नोंद सुबक दिसत होती.

तीन वाजता हाजीसाहेबांनी आम्हा सर्वांना बोलावले. चष्मा लावून त्यांनी पान वाचले.

"विलास, नांदेडची लाईन तुझी," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं. किसन, तुझा हात बराबर हाय, डोकं बराबर हाय. पण मास्तर म्हणतात तेल आंबतंय तुझ्या अंगावर. मंग दुकानदारापुढं काय करायचं, तूच सांग."

शेडमधल्या कामाला रोजंदारी होती, लाईनला पगार होता. शिवाय शेडमधला माणूस शेडमध्येच म्हातारा होत असे, हे आम्ही सर्वांनी पाहिले होते.

"शेवटचं कवा बघितलं म्हणून लिवलंय, हाजीसाहेब?" त्याने विचारले.

"सव्वादोन."

"सव्वादोनला मी मागं शिशा धुऊन राह्यलो होतो. साहेब आले न्हाईत. मला बलावलं बी न्हाई."

हाजीसाहेबांनी चष्मा काढला. "मास्तर?"

मी म्हणालो, "शिशा धुतल्यावर वास घेण्यात अर्थच नव्हता. सोड्याच्या गरम पाण्याने अत्तर राहत नाही."

हे शास्त्र म्हणून बरोबर होते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र ते नव्हते.

किसनने डावा हात पुढे केला. बाही सकाळी दुमडली होती तशीच होती आणि सुटू नये म्हणून तिला सेफ्टीपिन लावलेली होती. उजव्या हाताची बोटे पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती. डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत कोरडा होता.

"पाण्याला लागू दिला न्हाई," तो म्हणाला. "शिशी गुडघ्यात धरली अन् एका हातानं धुतली. आज शिशा निम्म्याच झाल्या. खाडा धरायचा तर धरा."

यावर विलास बोलेल असे मला वाटले नव्हते.

"खरंय, हाजीसाहेब. मीच चिडवून राह्यलो होतो त्याला. हा आपला डावा हात डोक्यावर ठिवून बसलेला. म्हणलं, किसनराव, फोटो काढायचाय का? तर म्हणतो, पाणी उडवू नको रे बाबा, माझ्या हातावर नांदेड हाय."

कोणी हसले नाही. विलासही नाही.

हाजीसाहेबांचे गुडघे दुखत. टेबलाला धरून ते उठले, किसनजवळ गेले, त्याचे मनगट दोन्ही हातांत घेतले आणि नाक टेकेल इतके खाली वाकले. बराच वेळ तसेच राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "या मास्तर. आता तुम्ही. कायद्यानं घ्या. तुमचाच कायदा हाय."

मी गेलो. त्याचे मनगट हातात धरले. तीन वर्षांत पहिल्यांदा. डोळे मिटले.

खस आधी आली. गार, ओल्या मुळाची, मातीसकट. धुराचा अंश नव्हता. पाच तासांनंतर खस अशी राहिलेली मी क्वचित पाहिली आहे. मोगरा उतरला होता, पण शिळा झाला नव्हता. दुपारी माळून संध्याकाळी काढलेल्या गजऱ्याइतका उरला होता. गुलाब मुळीच नव्हता. हीना दाट आणि उबदार होती, लवंगेच्या जवळ जाणारी.

"बोला," हाजीसाहेब म्हणाले.

मी सांगितले. गुलाब टिकत नाही हेही सांगितले.

"आंबट?"

"नाही."

"कुबट कुठं हाय?"

"कुठेच नाही."

"मंग लिवताना हा वास आला कुठून?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली. खोलीतल्या सर्वांना ते ठाऊक होते. ज्या घरात मी वाढलो तेथे किसनच्या समाजातला माणूस आला तर पाणी वरून ओतत. शिक्षणाने ते माझ्यातून गेले असे मी धरून चाललो होतो. पेढीवरचा माल तपासावा तशी ही गोष्ट मी कधी तपासली नव्हती.

मग हाजीसाहेबांनी विलासचाही हात माझ्यापुढे धरला. त्याच्यावरची खस धुरकट झाली होती. तंबाखू. "चारही उत्तम" हेही खोटेच होते. तिथे मी हुंगले होते, तरीही.

"म्हंजे माझं नांदेड गेलं," विलास म्हणाला.

"गेलं. तू काउंटरवर ऱ्हा."

"बरंच झालं म्हणा. मला रेल्वेत झोप लागती. नांदेड सोडून पार हैदराबादला उतरलो असतो." मग किसनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "पेढे लागतील, किसनराव. दोन्ही हातांनी वाटायचे."

किसनने मान हलवली.

मी रजिस्टर ओढून घेतले आणि पान फाडायला हात घातला. मला तेच योग्य वाटले.

"पान फाडू नका, साहेब," किसन म्हणाला.

"मग खोडतो."

"खोडू बी नका. उद्या कुणी म्हणल, किसननं मालकाच्या मागं लागून लाईन घेतली. पान ऱ्हाऊ द्या. खाली लिवा काय झालं ते."

"काय लिहू?"

"ते तुमचं तुम्हाला ठावं."

त्याने पिन काढली, बाही खाली केली आणि उरलेल्या शिशा धुवायला तो शेडमध्ये गेला. आता दोन्ही हातांनी धुणार होता.

किसनने ती लाईन अकरा वर्षे केली. त्याच्या काळात नांदेडकडे खसची मागणी वाढली, गुलाबाची वाढली नाही. माझ्याशी तो नेहमी आदराने बोलला. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आला, मी लग्नाला गेलो. पण त्या दिवसानंतर त्याने माझ्यापुढे मनगट कधी केले नाही. नवीन सॅम्पल दाखवायचे असेल तेव्हा तो फाया आणून माझ्या टेबलावर ठेवत असे आणि दोन पावले मागे उभा राहत असे. हाजीसाहेबांना तो मनगट देत असे. हे मी काउंटरच्या काचेतून पाहिले आहे. मी कधी मागितले नाही. मागण्याचा हक्क उरला नव्हता.

पुढे नव्या मुलांना शिकवताना मी एवढेच सांगत आलो : नाक चुकते, आणि चुकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घेऊन दुरुस्त करता येते. माझे नाक त्या दिवशी चुकले नव्हते. मी ते वापरलेच नव्हते. त्याला दुरुस्ती नाही, फक्त नोंद आहे.

ती नोंद मी त्याच दिवशी केली. साडेपाच वाजता सगळे गेल्यावर टाक घेतला आणि त्या पानावर, आधीच्या ओळीखाली लिहिले : "किसन खरात यांच्याबाबत वरील पहिल्या दोन नोंदी नियमाप्रमाणे केलेल्या नाहीत. तिसरी नोंद वास न घेता केली. दोष त्वचेचा नव्हता." खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि वेळ घातली. शाई वाळेपर्यंत थांबलो. रजिस्टर रोज माझ्या कपाटात, कुलपात राहत असे. त्या दिवशी ते हाजीसाहेबांच्या टेबलावर नेले, त्या पानावर उघडे ठेवले आणि मिटू नये म्हणून वर पेपरवेट ठेवला.