पट्टीवरचं नाव

"उलटं धर," मामा म्हणायचे. छापलेली कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी व्हायची. सुलटी धरली की माणूस वाचत सुटतो आणि चूक निसटते, असं त्यांचं म्हणणं. एकदा शेजारचे गृहस्थ लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन कारखान्यात आले. मामांनी ती उलटी धरून निरखली आणि म्हणाले, "गनपतीच्या सोंडेला शाई कमी पडलीय." लग्न कधी आहे, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी मला विचारलं.

तुमच्याकडे न्हावा शेव्याच्या एखाद्या कंपनीचं कॅलेंडर किंवा मांडव्याच्या बोटवाल्याची कीचेन असेल, तर ती आमच्याकडूनच गेली असेल. जाहिरातीच्या भेटवस्तू बनवणं हा आमचा घरचा धंदा. पेणजवळच्या एका भाताच्या गोदामात वडिलांनी तो सुरू केला, आणि पहिल्या दिवसापासून छपाईला मामा होते; नात्यातले नव्हेत, कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. सध्या वेबसाइटसाठी मी कंपनीचा इतिहास लिहिते आहे. वडिलांवर लिहून झालं, नव्या मशीनवर लिहून झालं. मामांपाशी आले की हात थांबतो. मला लाज वाटते. कशाची, ते सांगते.

बिघडलेला माल मामा घरी न्यायचे. त्यांच्या घरात फिकट अक्षरांच्या छत्र्या होत्या, तिरक्या छापलेल्या पिशव्या होत्या. निवडणुकीत दोन्ही उमेदवारांच्या टोप्या आमच्याकडेच एका दोरीवर वाळायच्या. त्यातल्या सपशेल पडलेल्या उमेदवाराची टोपी मामांनी चार वर्षं वापरली. "नाव पडलं, टोपी न्हाय पडली," म्हणायचे. चहा मात्र त्यांना फुटक्या कपात चालत नसे. त्यावरून त्यांचं आणि माझं रोज वाजायचं.

अशाच टोप्या वाळत असताना ते एकदा म्हणाले, "लोकांची येवढी नावं छापली, बाय. माझं एकदा कुनीतरी छापावं. बापाच्या नावासकट. तो जन्मभर मिठागरात राबला, त्याचं नाव कुठं छापून आलं न्हाय."

"तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा मी छापेन," मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

वडील गेले, कारखाना माझ्याकडे आला, मामांची नजर अधू झाली. निरोपाचा दिवस ठरला तो नेमका दिवाळीच्या ऑर्डरच्या धांदलीत. दुसऱ्या कंपन्यांच्या निवृत्तांसाठी वर्षभर सन्मानचिन्हं बनवणारे आम्ही, आणि मामांचं मी साफ विसरले. त्या सकाळी कोणीतरी आठवण करून दिली. मी वैतागून म्हणाले, "एका घड्याळासाठी मशीन थांबवायचं का?" कपाटात एका शिपिंग कंपनीच्या रद्द झालेल्या ऑर्डरची घड्याळं पडली होती. तबकडीखालच्या पट्टीवर त्या कंपनीचं नाव होतं. त्यावर मी मामांच्या नावाचा स्टिकर चिकटवून घेतला. बापाचं नाव त्यात मावेना, म्हणून गाळलं.

सगळ्यांसमोर मामांनी घड्याळ घेतलं आणि सवयीनं उलटं धरलं. स्टिकरच्या कडेनं निळी अक्षरं डोकावत होती. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग त्यांनी घड्याळ सुलटं केलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि दोन पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ पिशवीत घालून परत आले. मला वाटलं, आता बोलणार. बोलले असते तर बरं झालं असतं.

"खालचं नाव दिसतंय, बाय," ते हळूच म्हणाले. "पाव्हनं बघतील, कारखान्याला नावं ठेवतील. कोपऱ्यातली छपाईची जुनी फ्रेम रिकामी हाय ना? मी करतो नीट."

त्यांनी स्टिकर सोलला, थिनरनं पट्टी लखलखीत पुसली आणि जुन्या फ्रेमच्या जाळीतून तिच्यावर स्वतःचं नाव स्वतःच छापलं. बापाच्या नावासकट. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून नाक पट्टीला टेकेपर्यंत वाकले होते. मी समोर फ्रेम धरून उभी होते. "मी छापते" हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. माफीसुद्धा मागितली नाही. काम झाल्यावर "छान झालंय मामा" असं मात्र म्हणाले, गिऱ्हाइकांना म्हणते तसं.

गेल्या माघात मामा गेले. मी घरी गेले तेव्हा मामींजवळ आळीतल्या बायका बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर घड्याळ चालू होतं.

मामींनी माझा हात धरून मला जवळ बसवलं. "हीच ती बाय," त्या बायकांना म्हणाल्या. "यांचं नाव हिनं सोताच्या हातानं छापलंय. ऐन दिवाळीची ऑर्डर व्हती, तरी यांच्यासाठी मशीन बंद ठेवलं व्हतं. मरेपर्यंत सगळ्यांना सांगायचे."

मशीन. म्हणजे त्या सकाळी मामांनी माझं बोलणं ऐकलं होतं.

बायका माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मी मान खाली घातली.

"बघा," मामी म्हणाल्या, "येवढी मोठी मालकीन, पन जरा गर्व न्हाय."