संकष्टीचे बार्श

माशाला हातात लोंबकळवून फोटो काढणाऱ्या माणसांची दिनकरला शिसारी यायची. मासे खाणाऱ्यांची नव्हे. तो स्वतः चिपळूणचा, ताटात मासळी नसेल तर जेवल्यासारखं न वाटणारा. जर्मनीत येना शहरात भिंगांच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर गळ टाकायच्या परवान्यासाठी त्याने हिवाळाभर रविवारचे वर्ग केले, जर्मनमधून परीक्षा दिली, आणि तिथली एक शिकवण त्याच्या अंगात भिनली. खायचा मासा हाती लागला की त्याला तडफडत ठेवायचं नाही. डोक्यावर दांडक्याचा एक नेमका घाव, मग सुरी. ज्याला हे जमत नाही त्याने खुशाल भेंडी खावी.

हेच त्याने आपल्या लेकीला, उर्जाला शिकवलं होतं. तेरा वर्षांची ही पोर घरात तोंड उघडायची ती जर्मनमध्येच. आईबापांचं मराठी कळायचं सगळं, पण उत्तर म्हणजे 'या' नाहीतर 'गेनाऊ', हो नाहीतर बरोबर. धरणावरच्या वल्ह्यांच्या होडीत मात्र ती बापाशी पोटभर बोलायची. वसंतात बार्श नावाचे गोड्या पाण्यातले मासे गळाला लागू लागले की शनिवार त्या दोघांचा. दिनकरला त्या शनिवारांपलीकडे फारसं काही नकोच होतं. पोर मोठी होत होती, अजून किती वसंत ती बापाबरोबर येईल, ही धास्ती त्याला आतून कुरतडायची.

यंदाच्या पहिल्याच शनिवारी र्युसेल्सहाइमहून त्याच्या बायकोचा, मालिनीचा मोठा भाऊ गौरांग येऊन टपकला. गाड्यांच्या कारखान्यात मोठा इंजिनिअर, तोंडात सदा उपदेश. पाहुण्यांचा तात्पुरता परवाना त्याने आधीच काढून ठेवला होता.

"अहो, दादाला काही बोलू नका हं," मालिनीने निघताना बजावलं. "वर्षातून एकदा येतो."

पाणी अजून गार होतं, बार्श खोलात होते. गौरांगच्या गळाला पहिल्याच झटक्यात एक लागला, तळहाताहून मोठा, हिरव्या पट्ट्यांचा. त्याने तो कोरड्या मुठीत आवळला, दात दाखवले, फोटो काढून घेतला. दुसऱ्या कोनातून पुन्हा काढून घेतला. मग मासा पाण्यात भिरकावला.

"का सोडलात?" दिनकरने विचारलं.

"आज संकष्टी, दिनकरराव. उपासाच्या दिवशी हत्या नको. जीवदान दिलं त्याला!"

दिनकरला पुढचं ठाऊक होतं. खोलातून झरकन वर ओढलेल्या बार्शचं पोट हवेने फुगतं, त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. जीवदान मिळालेला मासा होडीशेजारीच आडवा तरंगत कल्ले हलवत होता. तोवर गौरांगने दुसरा काढला, मग तिसरा. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाला जीवदान. पाण्यावर पांढरी पोटं दिसायला लागली आणि हा गृहस्थ राजगिऱ्याचा लाडू खात पुढचा गळ टाकत होता. उपास कसला, माज होता नुसता!

"बाबा, डी श्टेर्बन डोख!" उर्जा कळवळली. मरतायत ते. तिने जाळीने एक मासा उचलला आणि दांडकं हातात घेतलं.

"ई! उर्जे, ठेव ते खाली," गौरांग ओरडला. "मुलीच्या जातीने असलं करतात? पाप लागेल."

उर्जाने बापाकडे पाहिलं. तिला खात्री होती, आता बाबा बोलणार.

दिनकरच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण मालिनीचा चेहरा आठवला, रात्रीची धुसफूस आठवली, आणि तो म्हणाला, "असू दे, उर्जा. मामा म्हणतायत तर ठेव."

तिने दांडकं ठेवलं. मासा पाण्यात सोडला. तो इतरांसारखाच आडवा झाला. परतताना ती होडीच्या टोकाला पाठ करून बसली होती.

घरी गौरांगने मालिनीला सगळे फोटो दाखवले. मग सोफ्यावर पाय पसरत म्हणाला, "उद्या मात्र मासे कर गं. आज उपासामुळे सगळे सोडावे लागले. तुमच्या सुपरमार्केटात बार्श मिळतात ना?"

दिनकरला त्याची किळस आली. आणि त्याहून जास्त किळस आली ती स्वतःची. गौरांगला निदान काही कळत नव्हतं. आपल्याला सगळं कळत होतं.

पुढच्या शनिवारी त्याने गळ, जाळी, दोन डबे गाडीत ठेवले आणि लेकीचं दार वाजवलं. तिचे रबरी बूट खाली दाराशी तसेच होते.

उर्जाने दार उघडलं. जर्मनमध्ये सांगितलं तर बाबा काहीतरी पळवाट काढतील असं तिला वाटलं असावं. एकेक शब्द जुळवत ती मराठीत म्हणाली, "बाबा, मी नाही येणार. तुम्ही मामाला घेऊन जा."