न्यूराने भरलेली विमानं

आग विझवणाऱ्या विमानांच्या टाक्यांत लाल औषधाचं पाणी भरायचं काम न्यूरा चेर्नोफ आमच्या तळावर एकोणीस उन्हाळे करत होती. मी तिच्या हाताखाली सहा वर्षं. विमान जागेवर थांबलं की ती जाड नळी खांद्यावर घेऊन निघायची, आणि आठ मिनिटांत टाकी भरून बाजूला.

त्या ऑगस्टमध्ये आग तिच्या वडिलांच्या खोऱ्याकडे सरकली. वडील, फेद्या, ऐंशीचे. घरं सोडायचा हुकूम आला तरी ते हलेनात. सकाळी न्यूराने फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो.

"पापा, गाडीत बसा आणि निघा."

"बटाटे काढायचेत. तू आहेस ना तिथं? पाठव एक विमान."

"विमान काय माझ्या बापाचं आहे?"

"एकोणीस वर्षं त्यांची पोटं भरतेस. आपल्या वाट्याला एक घास नको?"

ती फोन ठेवून तडक आमच्या साहेबाकडे, अर्विनकडे गेली. त्याने नकाशा पुढे केला. पूर्वेला शहर, तिथलं रुग्णालय, नऊ हजार माणसं. पश्चिमेला खोरं, अकरा घरं. विमानं तीन.

"मला कळतं रे," न्यूरा म्हणाली. "एकच फेरी मागतेय."

"तू मागतेस म्हणून देता येत नाही. उद्या दुसरा कुणी मागेल."

"दुसऱ्याने एवढी वर्षं नळी ओढलीय का?"

अर्विनने नकाशा गुंडाळला. ती परत येऊन कामाला लागली.

तळावरून दोन्हीकडचा धूर दिसायचा. तिने स्वतः भरलेलं प्रत्येक विमान उडायचं आणि पूर्वेला वळायचं. प्रत्येक वेळी तिची मान पश्चिमेला.

"बघू नकोस," मी म्हटलं.

"मग कुठं बघू?"

चारच्या सुमारास शहराकडची आग जरा दबली. अर्विन स्वतः धावत आला. "हे खोऱ्यात जाईल."

घाईत न्यूराला नळीचं तोंड टाकीला बसवता येईना. मी हात पुढे केला.

"लावू नकोस हात," ती म्हणाली.

विमान पश्चिमेला वळलं. ती रेडिओपाशी उभी राहिली. सात-आठ मिनिटांनी वैमानिकाचा आवाज आला. खोऱ्यावर कुणाचा तरी ड्रोन फिरतोय, आगीचं चित्रण करणारा. तो पंख्यात गेला तर विमानच पडेल. म्हणून विमान परत फिरतंय.

न्यूराच्या खांद्यावर नळी अजून तशीच होती. तिने नळी जमिनीवर टाकली आणि तिच्यावर एक लाथ घातली. मग उचलून जागेवर ठेवली.

फेद्यांना जमिनीवरच्या जवानांनी जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं. घर, धान्याची कोठी, हमामखाना, सगळं गेलं. संध्याकाळी आम्ही त्यांना शाळेतल्या आसऱ्यात भेटलो. समोर बोर्श्टची, बिटाच्या सूपची, वाटी तशीच गार झालेली.

"आलं होतं विमान," ते म्हणाले. "अगदी डोक्यावर. मी हात केला. मग वळून गेलं. तू काय सांगितलंस त्यांना?"

"पापा, ड्रोन होता. कुणीतरी फोटो काढत होतं."

"फोटो," म्हातारा म्हणाला. "कशाचे?"

ती वाटी उचलून गरम करून आणायला गेली.

ड्रोनवाला सापडला नाही. चौकशी झाली, कागद झाले, संपलं. फेद्या आता तिच्या दोन खोल्यांच्या घरात राहतात आणि विमान गेलं की खिडकी लावून घेतात. न्यूरा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कामावर हजर होती. पहिलं विमान भरताना मी विचारलं, "सुट्टी घ्यायची होतीस."

"आणि घरी बसून काय करू? त्यांना परत सगळं समजावू?" ती म्हणाली. "नळी धर."