किल्लेदारांचा विस्तव

किल्लेदारांच्या घरात काडेपेटीला मज्जाव होता. पाहुणा दारात आला की ते आधी त्याच्या खिशाकडे बघत आणि म्हणत, "पेटी हाय का? मग ती कुंपणात ठिवा आन् आत या." कुंपण निवडुंगाचं. मी विडी ओढणारा माणूस, त्यामुळे माझी काडेपेटी दोन वर्षं त्या निवडुंगातच मुक्कामाला होती. शेवटी तिनंच घात केला. तिनं कसला, मीच केला.

ते कुठल्या किल्ल्याचे किल्लेदार नव्हते. जातं, पाटा, वरवंटा घडवणारे पाथरवट. तरुणपणी एका गडाच्या पायऱ्या दुरुस्त करायला गेले आणि तिथून एक जुनी चकमक आणि एक वेड घेऊन परत आले. तेव्हापासून पिंपरीच्या शिवारात त्यांना सगळे चेष्टेनं किल्लेदार म्हणत. मी साताऱ्याकडून नव्या कारखान्यात नोकरीला आलेला, त्यांच्या पडवीत भाड्यानं राहत होतो. त्यांना तात्या म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकी. त्यांना मूलबाळ नव्हतं.

वेड असं, की दर शनिवारी माझी पाळी सुटली की आम्ही दोघं मोहिमेवर निघायचो. म्हणजे मागच्या दारानं अंगणात. तिथं दोन घोंगड्यांची राहुटी ठोकायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि जुन्या काळचे मावळे राहत तसं रविवार संध्याकाळपर्यंत राहायचं. पाणी भोपळ्याच्या तुंब्यात, भाकरी तापल्या दगडावर, जेवण पळसाच्या पानावर. विस्तव पाडायचा तो चकमकीनं, गारगोटीवर पोलाद घासून, शेवरीच्या कापसावर ठिणगी झेलून. किल्लेदारांची ठिणगी दुसऱ्या-तिसऱ्या घावाला पडायची. माझी दोन वर्षांत एकदाही पडली नाही. "हात घाई करतोय तुजा," ते म्हणायचे. "दगडाला येळ दे, राव."

काकी हसून म्हणायच्या, "आत चूल पेटलीय आन् ह्ये दोगं भाईर उपाशी!" मला चहाची तलफ यायची. "मोहिमेत च्या नसतो," असं किल्लेदार बजावायचे. मग ते लाकडं आणायला गेले की काकी हळूच गोठ्याआडून मला कप द्यायच्या. त्या कपाइतका गोड चहा मी पुन्हा प्यालो नाही.

एका शनिवारी राहुटी ठोकत असतानाच महसूल खात्याचे सर्कलसाहेब कागद घेऊन आले. कारखाना वाढणार होता आणि किल्लेदारांचं घर त्याच्या नव्या हद्दीत येत होतं. ज्या कारखान्याचा पगार मी खात होतो, तोच हा. किल्लेदारांनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारपाजारच्यांना अंगणात बोलावलं, सगळ्यांसमोर चकमकीनं चूल पेटवली आणि म्हणाले, "पेटत्या चुलीवर कोन घर पाडत न्हाई. सायेब झाला तरी त्येच्या घरी चूल असंलच की. ह्यो विस्तव जिता हाय तंवर आमी हितं हाय. इझला, तर आमी आपनहून उठू."

कुणी हसलं नाही. आमचा शनिवारचा खेळ त्या दिवशी संपला. सकाळी काकी, दुपारी पहिली पाळी करून आलो की मी, रात्रभर किल्लेदार, अशी राखण लागली. किल्लेदारांनी छिन्नी-हातोडा बाजूला ठेवला. जेवताना, बोलताना त्यांचा डोळा चुलीवरच असायचा. मला त्यांची भीती वाटायला लागली होती.

बाराव्या दिवशी ते अर्ज घेऊन पुण्याला मोठ्या साहेबाकडे गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुज्यावर सोडून चाललोय." काकी नदीवर धुणं घेऊन गेल्या होत्या. आदल्या दिवशी मी जादा पाळी केली होती, म्हणून त्या दिवशी सुट्टी होती. राहुटीत पाठ टेकली आणि डोळा लागला.

जाग आली तेव्हा चुलीत पांढरी राख होती. मी हातानं उकरली. बोट भाजेल एवढीसुद्धा धग नव्हती. घरातली चूलही थंड होती. चकमक घेतली आणि घासत सुटलो. अंगठा फुटला, गारगोटीवर रक्त लागलं, ठिणगी काही पडेना. नदीकडून काकींचा आवाज आला. मी उठलो, निवडुंगात हात घातला आणि काडी ओढली. जळकी काडी राखेत खोल पुरली.

किल्लेदार दिवेलागणीला आले ते खुशीतच. साहेबानं आठ दिवसांची मुदत दिली होती. तेवढ्यात गावच्या पंचांना घेऊन या, कलेक्टरसाहेबांची गाठ घालून देतो, असंही म्हणाला होता. चुलीपाशी बसून त्यांनी माझा फुटलेला अंगठा बघितला. "राखलास रं बाबा. ह्या विस्तवानंच आठ दिस मिळवलं. आता कशाला पंच आन् कशाला कलेक्टर?"

मी तेव्हा बोलायला हवं होतं. विस्तव दुपारीच विझलाय तात्या, उद्या पंचांना घेऊन पुण्याला जा, एवढंच सांगायचं होतं. ते रागावले असते, कदाचित मला हाकललं असतं, पण गेले असते. मी भित्रा निघालो. आठही दिवस ते चुलीपाशी बसून राहिले, आणि मी त्यांना लाकडं आणून देत राहिलो.

नवव्या दिवशी सकाळी सर्कलसाहेब मजूर घेऊन आले. किल्लेदारांनी चुलीकडे बोट दाखवलं. साहेब सज्जन माणूस. त्यांनी चुलीला हात जोडले आणि मजुरांना सांगितलं, "ती चूल तेवढी सांभाळा रे." मग चुलीला धक्का न लावता त्यांनी सगळं घर उतरवलं. किल्लेदार धुळीत बसून बघत होते. दुपारी त्यांनी निखारे मडक्यात भरले, वर राख घातली आणि दोघं चालत मारुंजीला काकींच्या भावाकडे गेले.

तिथं त्यांनी पुन्हा दगडाला हात लावला नाही. रोज संध्याकाळी विस्तव राखेत झाकायचा, सकाळी फुंकर घालून जागा करायचा, एवढंच काम उरलं होतं. मी रविवारी जायचो. कुणीही आलं की माझ्याकडे बोट करून सांगायचे, "माजा इस्तू ह्येनं राखला. सोताचा अंगठा फोडून." मी प्रत्येक वेळी ठरवून जायचो आणि न सांगता परत यायचो.

पौषात ते गेले. निरोप मिळाला तसा मी पाळी टाकून धावलो. तिरडी बांधून झाली होती. तिरडीपुढे विस्तवाचं मडकं कुणी धरायचं, यावर माणसं कुजबुजत होती. काकींनी चुलीतले निखारे मडक्यात घातले आणि ते माझ्यापुढे धरलं. "आमाला प्वार न्हाई. इस्तू तुमी राखला, तुमीच धरा."

"काकी, मला एक सांगायचंय..."

"मागनं सांगा. त्यास्नी उशीर हुतोय."

मी मडकं धरलं आणि पुढे चालू लागलो. त्याची धग पोटापर्यंत लागत होती. चालता चालता ध्यानात आलं की खिशात काडेपेटी तशीच आहे. ठेवायला कुंपण कुठं उरलं होतं?