धूपदाणीचा मुलामा

चिमाबाई खर्डीजवळच्या बुद्धवाडीतून रोज सकाळी शहापूरला माझ्याकडे कामाला येते. सव्वीस वर्षं झाली. नवरा लवकर गेला. दोन मुली तिने लोकांच्या भातलावणीवर आणि माझ्या घरच्या धुण्याभांड्यांवर वाढवल्या. आता गुडघे धरतात. आल्यावर ती उंबऱ्याशी बसते, दम घेते, मग उठते. मीही तोवर बसून राहते. दोघींनाही घाई उरलेली नाही.

माझे यजमान वकील होते. त्यांच्या लिहायच्या टेबलावर तीन वस्तू असत. सासऱ्यांनी बोटीवरच्या नोकरीत चीनहून आणलेली धूपदाणी, धुपाची डबी आणि चिमटा-उलथणं ठेवायची लहान सुरई. तांब्यावर निळी मिनाकारी, कडा पिवळ्या. आम्ही ते पितळ समजायचो. दर शुक्रवारी चिमाबाई त्या घासायची.

गेल्या मंगळवारी माझ्या मुलाने, ओमकारने, जुन्या वस्तूंचा एक जाणकार आणला. त्याने भिंगातून पाहिलं. पिवळं होतं तो सोन्याचा मुलामा, बहुतेक निघून गेलेला. मिनाकारीही पांढुरकी पडलेली.

“चिमामावशी, कशाने घासायचीस?” ओमकारने विचारलं.

“चिंच नि राख.”

“वाटोळं केलंस सगळ्याचं.”

ती पिशवी उचलून निघून गेली. दोन दिवस आली नाही. आज आली ती घराची किल्ली परत करायला.

“बाई, इतक्या वर्सांत चमचा हलला नाय तुमचा. वाटोळं करणारी म्हणून मी या घरात यायची नाय.”

मी रोज रोजनिशी लिहिते. शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय. ती कामाला लागली त्या १९९९ची वही काढली, शुक्रवार शोधत गेले. ‘९ जुलै. चिमाबाई म्हणते, चिंचेने पिवळा रंग उतरतो, नुसतं फडक्याने पुसू का? मी सांगितलं, पितळ काळं पडेल, घासच.’

ओमकारला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तारखेसकट वाचलं. चिमाबाई समोरच आहे, हेही सांगितलं.

“मावशी, माझं चुकलं.”

“असूं दे रे. तवा तू चड्डीत होतास.”

फोन ठेवून मी तिला विचारलं, “तुला आठवत होतं, तर त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“परक्या माणसाफुडं तुमचं नाव घेऊ?”

तिने किल्ली पुन्हा कनवटीला खोचली. आज शुक्रवारच होता. तिने कोरडं फडकं झटकलं आणि धूपदाणी जवळ ओढली. मी दुसरं फडकं घेऊन डबी पुसायला बसले.