चुन्याची द्राक्षवेल

महबूब मिस्त्री माणसांच्या आधी भिंतीशी बोलत. बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचं, "साहेब, हितं पोकळ हाय. बाकी तब्येत खणखणीत."

ती भिंत उदगीरकडच्या एका जुन्या सरकारी बंगल्याची. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, निजामाच्या चाकरीतल्या कुणा गोऱ्या इंजिनिअरने हौसेने बांधलेला. टोकदार कमानी, छपराच्या कडेला लाकडी जाळीची झालर, रंगीत काचा आणि दिवाणखान्याच्या छताभोवती चुन्यात घडवलेली द्राक्षवेल. वेलीची पानं गळायला लागली होती. दुरुस्ती माझ्याकडे होती, आणि ती पानं पुन्हा घडवू शकणारा माणूस आमच्या भागात एकच उरला होता.

मिस्त्रींनी अंगणात हौद करून चुना भिजत घातला. त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, आणि रोज घोटणं. "महिनाभर घाई न्हाई करायची," ते बजावत. "कच्चा चुना म्हंजे कच्ची भाकर. पोटात दुखतंयच, जरा उशिरा."

दुरुस्त बंगल्याच्या उद्घाटनाला पंधरा दिवस उरले होते. वरून फोन आला, सिमेंट मारून टाका. मी शेपूट घातली. चुन्यावर सिमेंट मारलं की जुनी भिंत आतल्या आत ओल धरते, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. माहीत होतं मला! तरी मिस्त्री चार दिवस देवणीला लेकीकडे गेल्याचं बघून मी मजूर लावले आणि द्राक्षवेल सिमेंटखाली बुजवून सपाट करून टाकली. अजूनही आठवलं की स्वतःच्याच कानाखाली जाळ काढावासा वाटतो.

परत आल्यावर मिस्त्री सरळ माझ्या टेबलाशी आले. त्यांना फक्त उर्दू वाचता येई. "असं का केलं म्हणून कागदावर काय लिवलंय, तेवढं वाचून दावा."

मी टाळत राहिलो, ते हलेनात. शेवटी वाचलं, "चुनाकामाचे कारागीर उपलब्ध नसल्याने सिमेंट वापरण्यात येत आहे." खाली माझी सही.

त्यांनी चुन्याने उललेले दोन्ही हात फाइलवर पसरले. "मग हे हात कुणाचे हायत, साहेब?"

ते पुन्हा आले नाहीत. वर्षभरात वारले. पुढच्या पावसाळ्यात सिमेंट कोसळलं, आतल्या वेलीला घेऊनच. आता दुरुस्तीची नवी फाइल माझ्यासमोर आहे आणि तिच्यात मला तेच वाक्य पुन्हा लिहायचं आहे. संताप याचा येतो, की या वेळी ते खरं आहे.