पोपटरावांचा पाय

दुकानात पाऊल टाकलं की काकी आधी काउंटरच्या काचेवर पंजा मारायच्या आणि मग विचारायच्या, "हायस का जित्ता?"

माझं बारामतीत जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. गोचीड, जंत, कासेचे आजार यातच माझा जन्म चालला आहे. काकींची काटेवाडीत बागायत, दावणीला गाई आणि वर भाजीपाला, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी ही थाप ठरलेली. काच एकदा तडकली, ती मी बदलली. थाप काही बदलली नाही. आवाज असा, की मळ्यात बोलल्या तर कालव्यापलीकडच्या माणसानं ओ द्यावी. लोक म्हणायचे, तोंड फाटकं पण मन निर्मळ. असेल निर्मळ. पण ते ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी येऊन दाखवायलाच हवं का, असं मला नेहमी वाटायचं.

अशा घरात सून आली ती वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, पुण्यात नोकरी केलेली, बोलायला मऊ. तिनं येताना कपडे आणले, पुस्तकं आणली आणि एक इग्वाना आणला. इग्वाना तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. परदेशी सरडा. हिरवागार, शेपटीसकट हातभर लांब, पाठीवर कंगव्यासारखे दात आणि गळ्याखाली लोंबती पिशवी. खातो मात्र निव्वळ झाडपाला. गावातल्या शहाण्यांनी लगेच "घोरपड पाळली, आता वनखातं आत टाकणार" अशी आवई उठवली. सुनेनं त्याचे रीतसर कागद दाखवले तेव्हा ते गप्प बसले. ती त्याला काहीतरी इंग्रजी नावानं हाक मारायची. काकींच्या तोंडात ते बसेना. त्यांनी त्याचं पोपटराव करून टाकलं.

एकदा हे पोपटराव पडद्याच्या दांडीवरून थेट परातीत, मळलेल्या कणकेत उतरले. काकी अंगणात आल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "ह्या घरात एकतर ही पाल ऱ्हाईल, न्हायतर मी!" एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या काकी कसल्या? दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात, भरल्या गिऱ्हाइकीत त्यांनी विचारलं, "सरडं मारायचं औषध ठिवतूस का रं?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. मला घरातली बोटभर पाल दिसली तरी मी बायकोला हाक मारतो, त्यामुळे माझं मत काकींच्याच बाजूनं होतं.

पुढं सून बाळंतपणाला माहेरी गेली. पोपटरावांना नेण्याची सोय नव्हती. "आई, सांभाळाल ना त्याला?" असं तिनं विचारलं, तेव्हा काकी म्हणाल्या, "सांबाळीन की. खाऊन टाकनार हाय व्हय मी त्येला?"

मग एक सकाळ अशी उजाडली, की काकी दुकानात आल्या आणि काचेवर थाप पडलीच नाही. मी मान वर केली. काकी भाजीचा क्रेट छातीशी धरून उभ्या होत्या. वर जुन्या लुगड्याचा तुकडा.

"काकी, काय झालं?"

"लेका, ह्येचा पाय गेला." आवाज इतका बारीक, की मी आधी मागं बघितलं, दुसरं कोणी बोललं की काय.

झालं होतं असं. दुधाची गाडी दारात येऊन हॉर्न मारत होती. काकी कॅन घेऊन धावल्या, पाठीमागं जाळीचं दार वाऱ्यानं आपटलं, आणि दाराच्या फटीत पोपटरावांचा मागचा पाय सापडला. लुगडं बाजूला केलं तर पाय खालच्या अंगाला वाकडा झालेला, सुजलेला. रंग हिरव्याचा मातकट पडला होता. डोळे मिटलेले. मी किळस विसरलो, खरंच सांगतो.

"सुनेला फोन केलात?"

"येडा का खुळा तू? पोरीचं दिस भरल्यात. पोटुशी बाईला असलं कोन सांगतं व्हय?" मग स्टुलावर बसल्या. "आन ह्यो मेला तर ती काय म्हनंल? म्हातारीनं मारला म्हनंल. का म्हनू नये? मीच गावभर बोंबलत हुते न्हवं! तुझ्या हितं येऊन औषध मागितलं मी. लेकरू घिऊन यील ती, आन जलमभर माझ्याकडं त्याच नजरंनं बघंल. लई गुनाची पोर हाय रं ती. मला 'आई' म्हनती."

आणि काकी रडायला लागल्या. काकी!  मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

देवाची कृपा म्हणा, तेवढ्यात आमचे डॉक्टर औषधं न्यायला आले. हे आमच्या भागातले गाईंचे डॉक्टर. सांगवीला एक गाय अडली होती, मोटरसायकल चालूच ठेवून ते आत आले होते. क्रेटमध्ये बघून दोन पावलं मागं सरकले.

"काकी, मी गाईचा डॉक्टर. ह्याची नाडी कुठं असते तेही मला माहीत नाही."

"मंग शोदा की! गाईला चार पाय, ह्येला चार पाय. ह्यो तर लाथबी मारत न्हाय."

डॉक्टर हसले आणि बाहेर जाऊन मोटरसायकल बंद करून आले. त्यांचा कॉलेजातला एक मित्र पुण्यात पक्ष्यांचा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर होता. त्याला माझ्याच फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. पुण्याच्या डॉक्टरनं शांतपणे पोपटरावांना चारी बाजूंनी पाहिलं. पुण्यापर्यंतचा प्रवास आज याला झेपायचा नाही, म्हणाला. आधी एक्स-रे काढा, मग मी सांगतो तसं बांधा. आमचे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही फोटो काढून आणा, मी गाय सोडवून आलोच."

एक्स-रे! आमच्याकडं एक्स-रे माणसांचे. मी काकींना ओळखीच्या सेंटरवर घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीनं मान खाली घालूनच विचारलं, "पेशंटचं नाव?"

"पोपटराव."

"वय?"

"तीन."

"स्त्री की पुरुष?"

"नावात राव हाय, ऐकू आलं न्हाय व्हय?" काकींचा आवाज परत आला हे ऐकून मला बरं वाटलं.

मुलीनं मान वर केली आणि जी किंचाळली! आत जाऊन लपली. फोटो काढणारा माणूस म्हणाला, इथं जनावर चालणार नाही. काकींनी हात जोडले. "दादा, हितली मानसं सगळी उरकू द्या. मी बसते. ह्यो आवाज करीत न्हाय, मीबी करनार न्हाय." आणि खरोखर, माणसं संपेपर्यंत काकी त्या बाकावर क्रेट मांडीवर घेऊन गप्प बसून राहिल्या. माझ्या आठवणीत त्या इतका वेळ गप्प तेवढ्याच एकदा. शेवटी त्या माणसालाच दया आली. हाड मोडलं होतं, पण चुरा झाला नव्हता.

संध्याकाळी माझ्या काउंटरवर ऑपरेशन थिएटर लागलं. फोनवर पुण्याचे डॉक्टर, समोर आमचे डॉक्टर, आणि दारात बघ्यांचा घोळका. वेदना कमी करायचं औषध अगदी थेंबभर भरायचं होतं. गाईंना भल्या मोठ्या सिरिंजनं टोचणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी ती एवढीशी सिरिंज उजेडाला धरून तीनदा तपासली. मग पायाला आधार द्यायला हलकं आणि गुळगुळीत असं काहीतरी हवं होतं. लाकडी पट्टी जड झाली. पुठ्ठा मऊ पडला. तेवढ्यात घोळक्यातला एकजण ओरडला, "ठिबकची नळी चालंल का?"

चालेल का? पळालीच! समोरच्या ठिबक सिंचनाच्या दुकानातून नळीचा तुकडा आला. डॉक्टरांनी ती उभी चिरली, कडा घासल्या, आत कापूस घातला. पुण्याचे डॉक्टर सांगत होते तसा तो पाय मागं घेऊन शेपटीला लावून बांधला. काकी पोपटरावांचं डोकं दोन बोटांनी धरून सारखं एकच म्हणत होत्या, "झालं बाळा, झालं." जिनं त्याच्यासाठी विष मागितलं होतं ती बाई हीच, असं कोणाला सांगून पटलं नसतं.

त्यानंतर काकींनी जे केलं ते मी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलेलं नाही. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ऊब हवी, कोवळं ऊन हवं, वारा लागता कामा नये, पाला ताजा हवा. काकींना एवढंच कळलं, की हे बाळंतपण आहे. त्यांनी पोपटरावांना बाळंतिणीच्या खोलीत घातलं. क्रेटवर दिवा टांगला. सकाळी परसात ऊन, मग शेवग्याचा पाला हातानं भरवणं. मेथीचा एक वाफा त्याच्यासाठी बिनफवारणीचा ठेवला. एकदा मला फोन करून म्हणाल्या, "त्या पुन्याच्या डॉक्टरास्नी इचार, डिंकाचा लाडू चालंल का?" मी विचारलं. डॉक्टर घाईघाईनं नको म्हणाले.

तिकडं वालचंदनगरला सून बाळंत झाली. मुलगी. सून रोज फोनवर विचारायची, "आई, पोपटराव कसे आहेत?" आणि काकी ठोकून द्यायच्या, "झकास! कुठंबी उड्या मारतोय." फोन ठेवला की मला फोन. "लेका, खोटं बोलून बोलून माझी जीब झडायची बग."

नळी काढायचा दिवस आला तेव्हा माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी कापूस सोडला. पोपटराव काउंटरवर निपचित पडून राहिले.  काकींनी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला शेवग्याची डहाळी धरली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पोपटराव, हायस का जित्ता?"

पोपटरावांनी एक डोळा उघडला. मग पुढचे पाय टाकले. मग तो पाय, तोच, आखडत आखडत पोटाखाली ओढून घेतला, टेकवला, आणि भार दिला. आणि चालले की हो! अख्ख्या काउंटरवरून, टॉनिकच्या दोन बाटल्या पाडून, डहाळीपर्यंत चालत गेले. दुकानात अशा टाळ्या पडल्या की शेजारचा सराफ काय झालं म्हणून धावत आला. डॉक्टरांनी मला मिठी मारली. मी डॉक्टरांना मारली. काकींनी काचेवर पंजा मारला आणि काच पुन्हा तडकली. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

सून बाळाला घेऊन घरी येणार त्या दिवशी काकींनी मला आणि डॉक्टरांना बोलावून घेतलं. मी म्हटलं, "काकी, पाय बरा झाला. आता सांगायचंच कशाला?" तर म्हणाल्या, "न्हाय. तिच्या जनावराला माझ्या दारानं मारलं, आन तिला ठावं नसावं, असं चालत न्हाय. तुमी दोगं साक्षीला ऱ्हावा. माझ्या तोंडावर लोकांचा भरवसा न्हाय."

सून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. काकींनी मायलेकींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. पण आत ये म्हणाल्या नाहीत. एक्स-रेचं पाकीट पुढं धरलं.

"आदी ऐक. तू गेल्यावर पोपटरावाचा पाय मोडला. दार माझ्या घाईनं लागलं. मुद्दाम न्हाय गं केलं. हे दोगं हायती, इचार त्येंना."

मी घसा खाकरला. पण सुनेनं पाकीट उघडलंच नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"आई, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पुण्याचे डॉक्टर लहानपणापासून याला बघतात. फोनवर बघताच त्यांनी ओळखलं. मला म्हणाले, काळजी करू नका, तुमच्या सासूबाई त्याला बाळासारखं धरून बसल्यात. तुम्ही मला त्रास नको म्हणून सांगत नव्हता. मग मीही म्हटलं, तुम्हाला कशाला घाबरवायचं?"

 काकींचा कालव्यापलीकडं ऐकू जाईल असा आवाज निघाला. "म्हंजी मी रोज 'झकास' म्हनायची, तवा तू तिकडं हसत हुतीस व्हय गं भवाने?"

"हो," सून म्हणाली, आणि हसताहसताच रडायला लागली. काकींनी तिला बाळासकट कवेत घेतलं. मी आणि डॉक्टर, साक्षीदार म्हणून आलेले, आमची साक्ष कोणी मागितलीच नाही. आम्ही डोळे पुसत अंगणात उभे राहिलो. शेवग्यावर पोपटराव उन्हात पसरले होते.

सध्या काकी गावात नाहीत. सुनेनं हट्ट करून त्यांना कोकणात समुद्र दाखवायला नेलं आहे. गाई शेजारणीकडं, आणि पोपटराव कोणाकडं? माझ्याकडं! दुकानाच्या खिडकीत, उन्हाला. पालीची किळस असणारा मी, पण काकींपुढं नाही म्हणायची सोय आहे का? काचेवर थाप पडत नाही, त्यामुळे दुकान फार शांत आहे. मला हे शांत दुकान मुळीच आवडत नाही. पाल्याकडं, उन्हाकडं, दाराकडं मी दिवसभर लक्ष ठेवून असतो. याला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू?

काल फोन आला. पडद्यावर अर्धं काकींचं कपाळ, अर्धा समुद्र, आणि मागं नातीला कडेवर घेतलेली सून.

"हाय का जित्ता?" काकी ओरडल्या.

"आहे की काकी, अगदी मजेत आहे मी."

"तुला कोन इचारतंय? फोन त्येच्याकडं कर."

मी मुकाट्यानं फोन फिरवला.